एस्पान्योलावर, हात पाठीमागे ठेवून

रात्री सान क्रिस्तोबाल बेटाचे दिवे मागे पडले आणि तासाभरातच बाबांनी दुसरी गोळी मागितली. सोळा प्रवाशांची लहानशी बोट, उघडा समुद्र, आणि केबिनमधल्या कपाटाचं दार प्रत्येक लाटेसरशी उघडत होतं नि आपटत होतं. मी वरच्या बंकवर पडून खालून येणारा त्यांचा श्वास ऐकत होते. वय ७३. त्यांना गालापागोसला आणायचा हट्ट माझा होता, म्हणून त्या रात्रीची धास्तीही माझीच. पहाटे कधीतरी नांगराची साखळी खडखडली, बोट स्थिरावली आणि खालून आवाज आला, "आलं वाटतं बेट. ऊठ गं."

बेट दिसायच्या आधी त्याचा वास आला. पक्ष्यांची विष्ठा, ओली लव, मासळी. मी नाकाला रुमाल लावला. बाबा मात्र डेकच्या कठड्याशी उभे राहून छाती भरून श्वास घेत होते. अडतीस वर्षं गुरांचे डॉक्टर म्हणून काढलेल्या माणसाला जिवंत जनावराचा वास कधी घाण वाटत नाही. रात्रीची मळमळ कुठल्या कुठे पळाली होती.

एस्पान्योला हे गालापागोस द्वीपसमूहाचं आग्नेयेकडचं टोक. इक्वाडोरचा किनारा इथून साधारण हजार किलोमीटरवर. बेट साठ चौरस किलोमीटरचं, सपाट आणि कोरडं. माणसाची वस्ती नाही, बारमाही गोडं पाणी नाही. आम्ही मुद्दाम डिसेंबरचा मध्य निवडला होता. या दिवसांत अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं उडायला आलेली असतात, नाझ्का बूबी या दुसऱ्या समुद्रपक्ष्याच्या घरट्यांत नवी पिल्लं अंड्यांतून निघत असतात आणि समुद्री इग्वानाचे, म्हणजे समुद्रात चरणाऱ्या मोठ्या सरड्यांचे, नर रंगात आलेले असतात. एका चालीत तीन ऋतू बघायला मिळतील, असा माझा हिशेब होता.

आदल्या संध्याकाळी आमच्या गाइडने नियम सांगितले होते. ती याच बेटांवर जन्मलेली, राष्ट्रीय उद्यानाचा परवाना असलेली. प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. प्राणी स्वतःहून जवळ आला तर आपण मागे सरायचं. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, फ्लॅश नाही, आखलेली वाट सोडायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनी हात वर केला. "एखादं जनावर अडचणीत असलं तर?"

"तरीही नाही," ती म्हणाली.

बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांना ते पटलं नव्हतं हे मला त्यांच्या जबड्यावरून कळलं. सकाळी पंग्यात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत बसताना त्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं गुंतवली. होडीत तोल जाईल, म्हणून मी ओरडले. उतरल्यावर मात्र त्यांनी हात परत तसेच बांधले. दिवसभर ते तसेच चालले.

पुंता सुआरेझ हे बेटाचं पश्चिम टोक. तिथे उतरायच्या जागेवरच सी लायन, म्हणजे सीलसारखे समुद्री प्राणी, आडवे पसरलेले. एका मादीने एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. आम्ही वळसा घालून, एकेक पाऊल तपासत पुढे गेलो. पुढच्या काळ्या दगडांवर इग्वाना. लांबून वाटलं दगडालाच बुरशी आलीय, लाल-हिरवी. मग त्या दगडातून फुस्स करून पांढरा फवारा उडाला. समुद्रातलं शेवाळ खाताना पोटात जाणारं जास्तीचं मीठ ते नाकावाटे शिंकरून टाकतात. ते पुन्हा त्यांच्याच डोक्यावर पडतं, त्यामुळे प्रत्येकाच्या कपाळावर मिठाचा वाळलेला थर. एकावर एक रचल्यासारखे, एकाचा पाय दुसऱ्याच्या पाठीवर, सगळ्यांची तोंडं उन्हाकडे. समुद्राच्या थंड पाण्यातून आल्यावर अंगात ऊब साठेपर्यंत त्यांना धड हलताही येत नाही. एस्पान्योलावरचे नर या दिवसांत असे लालभडक नि हिरवे होतात, म्हणून त्यांना ख्रिसमस इग्वाना म्हणतात.

निळ्या पायांच्या बूबींचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पाय खरोखर तितकेच निळे असतात.

मॉकिंगबर्ड मात्र मला ठाऊक नव्हता. एस्पान्योलाची ही जात फक्त याच बेटावर आणि त्याला लागून असलेल्या छोट्या खडकावर आहे. करड्या रंगाचा, मैनेएवढा असेल, चोच लांब आणि खाली वाकलेली. तो आमच्यापासून पळायच्या ऐवजी धावत आला. बाबांच्या बुटाची नाडी ओढून पाहिली, मग माझ्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चोच मारायला लागला. तहानलेला होता. पाण्याचं झाकण उघडायला किती वेळ लागतो? गाइडने नुसती मान हलवली. एकदा बाटलीतून पाणी मिळालं की तो माणसाच्या मागे लागायला शिकतो आणि पिल्लांनाही तेच शिकवतो, ती म्हणाली. मी बाटली पिशवीत टाकली. तो थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिला.

त्यानंतर अर्ध्या तासाने जे पाहिलं, त्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली.

नाझ्का बूबी हा पांढराशुभ्र, मोठा पक्षी. डोळ्यांभोवती काळा मुखवटा, चोच नारिंगी. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवर गोळा केलेले चार खडे. ते वाटेला अगदी लागून होतं, दोन-अडीच मीटरवर. मादी बसलेली होती (की नर, दोघंही बसतात), आणि तिच्या पोटाखालून एक डोकं बाहेर डोकावत होतं. पांढरी लव फुटलेलं, काही दिवसांचं पिल्लू. मग त्याच्या बाजूला अजून काहीतरी हललं. गुलाबी, जवळजवळ उघडं, माझ्या अंगठ्याहून थोडं मोठं. मान सावरत नव्हती. कवचाचा तुकडा अजून पाठीला चिकटलेला.

मोठ्याने आपली छाती धाकट्याच्या कुशीला लावली आणि ढकललं. चोच मारली नाही, ओरडलं नाही. नुसतं ढकललं, थांबलं, दम घेतला, पुन्हा ढकललं. स्वतःचंही डोकं त्याला नीट पेलत नव्हतं, तरी त्याची दिशा चुकत नव्हती. चौथ्या की पाचव्या वेळी धाकटं त्या चार खड्यांच्या पलीकडे गेलं आणि उताणं पडलं. एवढासा पाय हवेत हलत होता. आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं. मग मान सरळ केली.

मला वाटलं होतं, ती चोचीने उचलून आत घेईल. घेईलच, अशी माझी खात्री होती.

गाइडने हळू आवाजात सांगितलं. नाझ्का बूबी बहुधा दोन अंडी घालतात, काही दिवसांच्या अंतराने. दोन्ही फुटली तर आधी जन्मलेलं पिल्लू दुसऱ्याला घरट्याबाहेर काढतं. नेहमीच. अन्न भरपूर असलं तरीही. निळ्या पायांच्या बूबींत हे टंचाईच्या वर्षी घडतं, नाझ्कांत मात्र दरवेळी. बरीच अंडी फुटतच नाहीत, पहिलं अंडं वाया गेलं तर दुसरं हाताशी असावं, एवढ्यासाठी ते दुसरं अंडं. पहिलं सुखरूप फुटलं की दुसऱ्याची गरज संपली.

"विमा," मी बाबांना म्हणाले, कारण तिने तोच शब्द वापरला होता.

बाबांनी उत्तर दिलं नाही. मी वळून पाहिलं तर त्यांचा उजवा हात पाठीमागून सुटून पुढे आला होता. कोपरात वाकलेला, बोटं अर्धवट मिटलेली. तो आकार मी ओळखते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर फिरतीवर जायची तेव्हा गाय अडली की ते हात असाच धरायचे, आत जाऊन वासराचे पाय शोधण्याआधी. त्यांनाही ते नंतर लक्षात आलं असावं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्यांनी तो परत मागे नेला.

"उन्हात पडलंय ते," ते म्हणाले. "कातडीवर लव नाही. ऊब नको तर सावली तरी हवी."

"बाबा, चला."

"बघू दे गं."

आम्ही थांबलो. बाकीचे पुढे गेले. तेवढ्यात मॉकिंगबर्ड आला, सकाळचाच असेल किंवा दुसरा, आणि तो पिल्लाच्या भोवती उड्या मारत फिरू लागला. हे पक्षी अंडी फोडतात, जखमेतलं रक्त पितात, गोड्या पाण्याविना असंच जगतात. ज्याला मी अर्ध्या तासापूर्वी पाणी नाकारलं होतं तोच हा, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पुढचं मी पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं. त्यांनी मला कधीच सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वाट पुढे दक्षिणेकडच्या कड्यावर निघते. तिथे खडकाला भेग आहे आणि लाट आत शिरली की पाण्याचा खांब पंधरा-वीस मीटर उंच उसळतो. आधी जमीन थरथरते, मग आवाज, मग अंगावर तुषार. सगळे तिथे फोटो काढत होते. आम्ही दोघं थोडं बाजूला, अल्बट्रॉसच्या पिल्लासमोर जाऊन बसलो.

वेव्ह्ड अल्बट्रॉस. जगातले जवळजवळ सगळे याच एका बेटावर घरटी करतात, इक्वाडोरच्या किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर थोडेसे सोडले तर. एप्रिलच्या सुमारास येतात, जमिनीवर एकच अंडं घालतात, डिसेंबर संपता संपता परत समुद्रावर. एवढ्या मोठ्या जगात त्यांचं घर म्हणजे ही साठ चौरस किलोमीटरची जागा. आणि इथून उडून गेले की पेरू नि इक्वाडोरच्या समुद्रात मासेमारीच्या गळांत आणि जाळ्यांत अडकून मरतात. नष्ट होण्याचा धोका सर्वांत जास्त असलेल्या जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे.

आमच्या समोरचं पिल्लू चांगलं हंसाएवढं होतं. पंख पुरे आलेले, पण मानेवर नि डोक्यावर अजून तपकिरी लव, वाऱ्याने विस्कटलेली. ते उभं राहिलं. पंख उघडायला लागलं आणि ते उघडणं संपेचना. आधी एक सांधा सुटला, मग दुसरा, मग टोकाकडचा भाग. पुरे उघडल्यावर सव्वादोन मीटर तरी असतील. वाऱ्याने त्याला वीतभर वर उचललं आणि ते घाबरून पंख मिटत खाली बसलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. कड्याची कड त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर. या पक्ष्यांना सपाट जमिनीवरून उडणं फार जड जातं. कड्यापर्यंत चालत जायचं आणि वाऱ्यात झोकून द्यायचं. एकदा गेलं की काही वर्षं ते समुद्रावरच काढतं, जमिनीला पाय लावायला येतं ते मोठं झाल्यावर, याच बेटावर.

त्या मागच्या झुडपांत बसायच्या जोगा दगड होता. गाइड तिथे येऊन टेकली आणि बाबांकडे बघून कासवांची गोष्ट सांगू लागली. तिने त्यांचा हात पाहिला होता, अशी माझी समजूत आहे.

एस्पान्योलाची स्वतःची राक्षसी कासवांची जात आहे. खोगीरासारखी पाठ, लांब मान. देवमाशांची शिकार करणारी जहाजं या बेटांवर यायची आणि कासवं उचलून न्यायची, कारण ती तळघरात अन्नपाण्याविना महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ताजं मांस हवं तेव्हा मिळे. त्यात माणसाने सोडलेल्या बकऱ्यांनी झाडोरा नि निवडुंग खाऊन टाकला. १९६३ ते १९७४ या काळात शोध घेतला तेव्हा बेटावर सगळी मिळून चौदा कासवं सापडली. बारा माद्या, दोन नर. तीही एकमेकांपासून इतकी दूर की त्यांची गाठच पडत नव्हती. ती सगळी उचलून सांता क्रूझ बेटावरच्या केंद्रात नेली. मग अमेरिकेतल्या सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात याच जातीचा एक नर आहे हे कळलं, तो परत आणला, त्याचं नाव पडलं दिएगो. पंधरा झाली. १९७८ पर्यंत बेटावरची शेवटची बकरीही काढली. या पंधरांची सुमारे दोन हजार पिल्लं वाढवून एस्पान्योलावर सोडली आणि आता ती इथे आपली आपण अंडी घालतात. १५ जून २०२० ला ते पंधराही म्हातारे बेटावर परत आले. पार्कच्या माणसांनी त्यांना पाठीवर बांधून, खडकांतून चालत आत नेऊन सोडलं. दिएगोचं वजन ऐंशी किलो.

"पाठीवर?" बाबांनी विचारलं.

"पाठीवर. आमच्याकडे रस्ता नाही."

बकऱ्या गेल्यावर इथे झुडपं माजली आणि अल्बट्रॉसना उतरायला-चढायला लागणारी मोकळी जागा कमी होत गेली. कासवं चरतात, तुडवतात, निवडुंगाच्या बिया पसरवतात आणि बेटाला पुन्हा मोकळं करतात. आम्हाला एकही कासव दिसलं नाही. ती आत असतात आणि प्रवाशांना तिकडे जाऊ देत नाहीत. पण ते पिल्लू ज्या उघड्या पट्ट्यावर पंख तपासत होतं, त्या पट्ट्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

बाबांनी मग तिला डॉक्टरासारखे प्रश्न विचारले. आणायच्या आधी तपासणी काय केली? आतड्यात दुसऱ्या बेटांवरच्या वनस्पतींच्या बिया असतील त्याचं काय? (त्यासाठी त्यांना आधी वेगळं ठेवलं होतं.) आणि शेवटी, "सी लायनच्या ओठात मासेमारीचा गळ अडकलेला दिसला तर? तेव्हाही नाही?"

"आपण नाही," ती म्हणाली. "पण मी लगेच पार्कला कळवते. त्यांची माणसं येतात, भूल देऊन गळ काढतात. तो गळ आपला आहे ना."

बाबांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर ते माझ्या पुढे चालत होते आणि पाठीमागे गुंतवलेली बोटं आता सैल होती.

दुपारी याच बेटावरचा गार्डनर बे हा किनारा. लांबलचक पांढरी वाळू आणि तिच्यावर विखुरलेले सी लायन, शंभरेक असतील. बाकीचे मास्क लावून पाण्यात गेले, मीही वीस मिनिटं जाऊन आले. पाणी थंड होतं, एक कासव दिसलं, समुद्री. परत आले तर बाबा वाळूत अनवाणी उभे आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर सी लायनचं पिल्लू. आई समुद्रात मासे पकडायला गेलेली. पिल्लू पुढे सरकलं, बाबा एक पाऊल मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. असं करत करत त्यांच्या टाचा ओल्या वाळूत रुतल्या, मागे लाटा, सरकायला जागा उरली नाही. पिल्लाने त्यांच्या अंगठ्याला नाक लावलं. मिशा ओल्या होत्या, मला तिथून चकाकताना दिसल्या. मग घोट्यापर्यंत हुंगत आलं आणि शिंकलं.

बाबा हलले नाहीत. हात पाठीमागे, मनगट दुसऱ्या मुठीत घट्ट धरलेलं. आई आणि पिल्लू एकमेकांना वासाने नि आवाजाने ओळखतात. आपला हात लागून त्या वासात काही मिसळलं तर उपाशी पिल्लाला आई दूर लोटू शकते, म्हणून हा नियम इथे कडक. पण नियम पाळणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. ओठ हलत होते. ते पिल्लाशी बोलत होते, जसं पूर्वी टोचायच्या आधी वासरांशी बोलायचे.

"काय म्हणत होतात?" मी नंतर विचारलं.

"डोळे स्वच्छ आहेत म्हटलं. नाक ओलं आहे. पोट भरलेलं आहे. एवढंच."

संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांना बोटीवर परतावं लागतं. नळाखाली बूट धुतले, तळव्यांच्या खाचांतली वाळू ब्रशने काढली, म्हणजे एका बेटाची माती नि बी दुसऱ्या बेटावर जाणार नाही. बाबा केबिनमध्ये गेले. मी टॉवेल घ्यायला मागोमाग गेले तर ते बेसिनशी उभे होते, बाह्या कोपराच्या वर दुमडून साबणाने हात धूत. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग मनगटापासून कोपरापर्यंत. घाई नाही. दिवसभर त्यांनी कशालाही हात लावला नव्हता.

रात्री नांगर उचलला. आम्ही दोघं मागच्या डेकवर बसलो. बोटीच्या दिव्यापलीकडच्या अंधारातून पांढरे पक्षी येत होते, बोटीबरोबर तरंगत होते आणि नाहीसे होत होते. स्वॅलोटेल गल, रात्री शिकार करणारा गल, अंधारात पाण्यावर येणारे माकूळ टिपतो. पंखांची फडफड ऐकू येत नव्हती, नुसता चोचीचा आवाज मधूनच.

"वारा वाढलाय," बाबा म्हणाले. मला वाटलं, गोळी मागतील.

"घेताय का?"

"मला नको. त्या कड्यावरच्यासाठी म्हणतोय. असाच राहिला तर सकाळी निघेल ते."